एक फुली आणि दोन्ही बाजूंनी भरलेला कागद: कॅनडा आणि अमेरिकेचा कारभार

विंडसरकर

राम राम मंडळी. हा धागा काढीन काढीन म्हणत वर्ष गेलं.

मी कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या विंडसरला राहतो. नदीपलीकडे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं डेट्रॉईट. नकाशा उघडून बघा, आमच्याकडून अमेरिकेत जायला उत्तरेला जावं लागतं. मावसभाऊ पलीकडे नोवायला असतो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा त्याच्याकडे जेवायला जातो, आणि जेवणानंतर वाद ठरलेला.

२०२४ च्या नोव्हेंबरात त्याच्या डायनिंग टेबलावर टपालाने आलेली मतपत्रिका पडली होती. मोठा थोरला कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. राष्ट्राध्यक्ष, सेनेटर, काँग्रेसचा प्रतिनिधी इथपर्यंत ठीक. त्याखाली राज्याच्या विधिमंडळाचा प्रतिनिधी, राज्य शिक्षण मंडळ, मग तीन विद्यापीठांच्या नियामक मंडळांचे सदस्य. हो, मिशिगन विद्यापीठाच्या मंडळावर कोण बसणार हे तिथे सगळं राज्य मतदान करून ठरवतं. पुढे सरकारी वकील, शेरीफ, काउंटीचा क्लार्क, खजिनदार, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. आणि मध्येच एक ‘वॉटर रिसोर्सेस कमिशनर’. या पदाचं जुनं नाव ड्रेन कमिशनर, म्हणजे सांडपाण्याचे चर आणि गटारं बघणारा. तोसुद्धा निवडून येतो, आणि तोही पक्षाच्या तिकिटावर!

मी विचारलं, “हा गटारवाला कसा आहे माणूस?” भाऊ म्हणाला, “मला काय माहीत? तुझी वहिनी गूगल करत्येय.” वहिनी खरंच चष्मा लावून, एका हातात पेन आणि एका हातात फोन घेऊन दहावीच्या पेपरासारखी बसली होती.

२०२५ च्या एप्रिलात माझी पाळी आली. शाळेच्या जिममध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, शिसपेन्सिल, आणि तळहातावर मावेल एवढा कागद. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या, त्यांत नावं, नावाखाली पक्ष, शेजारी गोल. एका गोलात फुली मारली, घडी घातली, टाकली पेटीत. शिरा करायलाही याहून जास्त वेळ लागतो. आणि ज्या दोघांपैकी एक जण पंतप्रधान होणार होता त्यांची नावं माझ्या कागदावर नव्हतीच. लिबरलांचे कार्नी ओटावाजवळच्या नेपियनमधून उभे, कॉन्झर्व्हेटिव्हांचे पॉइलिएव्ह कार्लटनमधून.

तेव्हा मला आपली कीव आली होती. वहिनीला एवढी मतं आणि मला एक फुली.

मग २०२५ चा हिवाळा आला. वहिनी एका फेडरल खात्यात आहे. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस शटडाउन, म्हणजे काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही म्हणून सरकारी कामकाज बंद. तिला बिनपगारी घरी बसवलं. घराचा हप्ता थांबत नाही, पोरीची व्हायोलिनची फी थांबत नाही. त्या महिन्यात मी गेलो तर वहिनीने फराळाचं सगळं घरी केलं होतं. “वेळच वेळ आहे भावजी,” म्हणाली.

शटडाउन संपला त्याच्या पाचव्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, आमच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये अर्थसंकल्पावर मतदान झालं. १७० विरुद्ध १६८. काही जण तटस्थ राहिले म्हणून वाचलं. पडला असता तर सरकार गेलं असतं आणि बर्फात निवडणूक झाली असती. पण एकाही कारकुनाचा पगार अडकला नसता. संसद बरखास्त असताना खर्च चालू ठेवायला गव्हर्नर जनरलच्या, म्हणजे राजाच्या इथल्या प्रतिनिधीच्या, खास मंजुरीची सोय आहे.

आमच्याकडे अर्थसंकल्प अडला की मंत्री घरी जातात, त्यांच्याकडे अडला की वहिनी घरी बसते. मला तरी आता माझी एक फुली बरी वाटायला लागलीय. तुम्हाला काय वाटतं?

---

पोहे_विथ_मेपल

धागा आवडला. पण तळहातावर मावणारा कागद सगळ्यांच्या नशिबी नव्हता हो! कार्लटनमध्ये ९१ उमेदवार उभे होते. निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून काही लोकांनी मुद्दाम अर्जांचा ढीग घातला होता. मतपत्रिका जवळजवळ एक मीटर लांब. माझी मैत्रीण तिथे राहते, तिने घडी घातली ती रस्त्याच्या नकाशासारखी, आणि परत उलगडली तेव्हा नीट बसेना. पॉइलिएव्ह तिथे पडले. मग अल्बर्टातल्या एका खासदाराने राजीनामा देऊन जागा मोकळी केली, तर त्या पोटनिवडणुकीत २१४ उमेदवार! शेवटी निवडणूक आयोगाने कोरी मतपत्रिका दिली, नाव हाताने लिहा म्हणून.

---

ट्रॉयचा_तात्या

विंडसरकर, लिहिलंय छान, पण वहिनींच्या पगारावरून अख्खी राज्यव्यवस्था निकालात काढलीत.

एक दुरुस्ती आधी. शटडाउन अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. पैसे मंजूर व्हायला उशीर पूर्वीही व्हायचा, तरी कचेऱ्या बहुतेक चालूच राहायच्या. १९८० साली ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एका जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, की मंजुरी नसेल तर काम बंद, जीवित आणि मालमत्तेला धोका असेल तेवढंच चालू. तेव्हापासून हा तमाशा सुरू झाला. म्हणजे उद्या काँग्रेसने मनात आणलं तर साध्या कायद्याने हे बंद होईल.

दुसरं, तुमच्या पंतप्रधानाकडे बघा. सिनेटचे १०५ सदस्य कोण नेमतो? कागदोपत्री गव्हर्नर जनरल, खरं तर पंतप्रधान. एकदा बसले की वयाच्या ७५ पर्यंत हलत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे ९ न्यायाधीश? पंतप्रधानच ठरवतो. गव्हर्नर जनरल कोण असावा हे राजाला कोण सुचवतो? तोच. आमच्याकडे २०१६ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या न्यायाधीशाला सिनेटने २९३ दिवस नुसतं ताटकळत ठेवलं. हे चूक झालं असं माझंही मत आहे, पण निदान अडवता येतं. तुमच्याकडे बहुमतातला पंतप्रधान चार वर्षं मोकाट असतो.

आणि ते बहुमत तरी कसलं? ओंटारियोतच २०२२ मध्ये डग फोर्ड यांच्या पक्षाला ४१ टक्क्यांच्या आत मतं पडली आणि १२४ पैकी ८३ जागा मिळाल्या. मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचातल्या एकानेही धड मत दिलं नाही आणि गडी प्रांताचा धनी. केंद्रात २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा कॉन्झर्व्हेटिव्हांना मतं जास्त आणि सरकार लिबरलांचं. कमी मतं मिळालेला राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो म्हणून आमच्या इलेक्टोरल कॉलेजला हसता ना? आपल्या ताटाखाली बघा.

---

उगाच_एक_प्रश्न

माझा अज्ञानी प्रश्न. मार्च २०२५ मध्ये कार्नी पंतप्रधान झाले तेव्हा खासदार नव्हते म्हणे. हे कसं चालतं? त्यांना निवडलं कोणी?

---

काळाकोट

निवडलं लिबरल पक्षाच्या सभासदांनी, दीड लाखाच्या आसपास मतं पडली. त्यातली ८५ टक्क्यांहून जास्त कार्नींना. ९ मार्चला पक्षनेते, १४ मार्चला पंतप्रधान, २३ मार्चला निवडणूक जाहीर, २८ एप्रिलला मतदान. अमेरिकेत तेवढ्या काळात प्राथमिक फेरीची एक वादचर्चा होते. याआधी १९८४ मध्ये जॉन टर्नर हेही खासदार नसताना पंतप्रधान झाले होते.

आपल्याकडे भारतात असा माणूस मंत्री झाला तर सहा महिन्यांत कोणत्यातरी सभागृहात यावं लागतं, घटनेच्या कलम ७५ मध्ये तसं लिहिलंय. कॅनडात अशी लेखी मुदत नाही, नुसता संकेत. आणि संकेत म्हणाल तर कमालच आहे. १८६७ च्या ज्या कायद्याने कॅनडा देश उभा राहिला त्यात ‘पंतप्रधान’ हे पदच नाही! राणी आहे, गव्हर्नर जनरल आहे, सल्लागार मंडळ आहे. सगळी सत्ता ज्याच्या हातात तो माणूस कागदावर गैरहजर. अमेरिकेच्या घटनेत याच्या उलट, राष्ट्राध्यक्षाचं वय, पात्रता, पगार, शपथेचे शब्द, सगळं लिहून ठेवलंय.

संकेतांवर चालणारं घर कधी हलतं ते २००८ च्या डिसेंबरात दिसलं. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांचं अल्पमतातलं सरकार, तीन विरोधी पक्ष एकत्र आले, अविश्वास ठरावाची तारीख ठरली. हार्पर गव्हर्नर जनरल मिखाएल जाँ यांच्याकडे गेले आणि संसदेचं सत्रच संपवायची विनंती केली. बाईंनी त्यांना दोन तासांहून जास्त वेळ थांबवून घेतलं आणि मग हो म्हणाल्या. जानेवारीत संसद परत भरेपर्यंत विरोधकांची आघाडी विरघळली होती. राजभवन आणि मध्येच गुंडाळलेलं अधिवेशन हे आपल्याला काही नवीन नाही म्हणा.

जाता जाता, भारताची संघराज्याची ठेवण अमेरिकेपेक्षा कॅनडाच्या जवळची. यादीत नसलेल्या विषयांचे शेषाधिकार अमेरिकेत दहाव्या घटनादुरुस्तीने राज्यांकडे, कॅनडात केंद्राकडे, आणि आपल्याकडे कलम २४८ ने केंद्राकडे. राज्यपाल वरून नेमायचा हीसुद्धा कॅनडाची तऱ्हा, तिथे लेफ्टनंट गव्हर्नर. अमेरिकेत गव्हर्नर लोक निवडतात.

---

खडूस_आजोबा

पक्षांतराचं काय? विंडसरकरांनी १७०-१६८ सांगितलं, पण ४ नोव्हेंबरला, अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी, नोव्हा स्कोशियाचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार क्रिस डॉन्ट्रमाँ उठून लिबरल बाकांवर जाऊन बसले हे सांगायचं राहिलं. राजीनामा नाही, पोटनिवडणूक नाही, अपात्रतेची सुनावणी नाही. तिथे पक्षांतरबंदी कायदाच नाही.

आमच्याकडे १९८५ पासून कायदा आहे, आणि २०२२-२३ मध्ये महाराष्ट्राने त्या कायद्यासकट काय काय पाहिलं ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे कोणाला हसावं कळत नाही. तिथे निदान हॉटेलांचा खर्च वाचला.

---

मॉन्ट्रियलची_मंजू

तात्यांशी अर्धी सहमत. “बहुमत असलं की मोकाट” याचा अनुभव आम्ही क्युबेकमध्ये घेतोय.

१९८२ मध्ये कॅनडाने आपली घटना ब्रिटनकडून पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात घेतली, त्यात हक्कांची सनद आली. पण त्याच सनदेत कलम ३३ आहे. विधिमंडळाने कायद्यात “सनदेतल्या या या कलमांना न जुमानता” असं लिहून टाकलं की पाच वर्षं तो कायदा त्या कलमांच्या आधारे न्यायालयाला पाडता येत नाही. पाच वर्षांनी परत लिहायचं. अमेरिकेत कुठल्या राज्याने असं करायचं म्हटलं तर फेडरल न्यायालय दुसऱ्या दिवशी स्थगिती देईल.

क्युबेकने २०१९ मध्ये हेच वापरून कायदा २१ केला. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना, पोलिसांना, सरकारी वकिलांना कामावर धार्मिक चिन्ह घालायला बंदी. माझ्या मुलाच्या शाळेत एक हिजाब घालणाऱ्या बाई होत्या. आधीपासून नोकरीत असणाऱ्यांना त्याच पदावर सूट मिळाली, पण पद बदललं की सूट गेली. त्यांनी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्जच केला नाही. पालकसभेत कॉफी ओतता ओतता त्या हे इतक्या सहज बोलल्या की मला पुढे काय बोलावं सुचलं नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. ओंटारियो सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शाळेतल्या कर्मचाऱ्यांचा संप मोडायला हेच कलम लावून कायदा केला. कर्मचारी तरीही संपावर गेले, बाकीच्या युनियनींनी एकत्र बंदची तयारी केली, आणि दोन आठवड्यांच्या आत तो कायदा मागे घेतला गेला. कोर्टाने नाही, रस्त्याने.

---

ट्रॉयचा_तात्या

मंजूताई, हे बाईंचं वाचून वाईट वाटलं.

मला एक कबूल केलं पाहिजे. आमच्याकडे अडवता येतं म्हणालो, पण अडवणारा कोण ते बघा. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या जवळ, सेनेटर दोघांनाही दोन-दोन. त्यात बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मतं लागतात.

पण विंडसरकरांच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडलाही विचारा. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती आणि चार खासदार, कारण १९१५ च्या नियमाने प्रांताचे खासदार त्याच्या सिनेटरांपेक्षा कमी असता कामा नयेत.

---

उगाच_एक_प्रश्न

अजून एक. राजाचं नक्की काम काय? इतकी वर्षं झाली तरी नाण्यांवर का आहे?

---

विंडसरकर

राजाचं काम सही करणं आणि सत्तेच्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसू न देणं. मे २०२५ मध्ये राजे चार्ल्स स्वतः ओटावाला येऊन अभिभाषण वाचून गेले. १९७७ नंतर पहिल्यांदाच राजा किंवा राणीने संसदेचं सत्र उघडलं. भाषण लिहिलेलं मंत्रिमंडळाने, वाचणार राजा, आणि तेही सिनेटच्या सभागृहात, कारण लोकांच्या सभागृहात राजाला पाऊल टाकायची मुभा नाही.

मी २०१४ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा “राणी एलिझाबेथ दुसरी, तिचे वारस आणि उत्तराधिकारी” यांच्याशी निष्ठा असं म्हणावं लागलं. आमचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला जाऊन आलेले. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, “बाबांच्या फोटोसमोर सांगू नकोस.” वहिनीच्या अमेरिकन शपथेत नेमकं उलट, परदेशी राजे, राजपुत्र, सत्ताधीश सगळ्यांवरची निष्ठा सोडल्याचं म्हणावं लागतं. १७७६ चं भांडण अजून शपथेत शिल्लक आहे.

आता तात्यांना उत्तर. तत्त्वावर वाद घालत बसण्यापेक्षा पुलाचं सांगतो, तो माझ्या खिडकीतून दिसतो.

विंडसर-डेट्रॉईटमधला जुना ॲम्बेसेडर पूल १९२९ चा, आणि खासगी मालकीचा. दोन देशांमधला एवढा व्यापार एका मालकाच्या पुलावरून. दुसरा, सरकारी पूल हवा हे दोन्हीकडे बरीच वर्षं बोललं जात होतं. मिशिगनचे गव्हर्नर रिक स्नायडर पुलाच्या बाजूने, त्यांचाच पक्ष विधिमंडळात बहुमतात, तरी २०११ मध्ये विधेयक राज्याच्या सिनेटच्या समितीतच अडकलं. आमच्या हार्परांच्या बाबतीत हे कल्पनेतही येत नाही. शेवटी स्नायडर यांनी विधिमंडळाला बगल दिली आणि जून २०१२ मध्ये थेट कॅनडाशी करार केला. खर्च कॅनडाने करायचा, मिशिगनच्या बाजूचासुद्धा, आणि टोलमधून वसूल करायचा.

मग जुन्या पुलाच्या मालकाने कोट्यवधी डॉलर ओतून नोव्हेंबर २०१२ च्या मतपत्रिकेवर प्रस्ताव आणला, की नवा आंतरराष्ट्रीय पूल बांधायचा तर आधी सगळ्या राज्याचं मत घ्या, आणि हे राज्यघटनेतच घाला. त्या महिन्यात डेट्रॉईटची वाहिनी लावली की दर दहा मिनिटांनी त्याची जाहिरात.

आमच्या बाजूला काय झालं? पुलाचा कायदा हार्पर सरकारने अर्थसंकल्पाच्या चारशेहून अधिक पानांच्या विधेयकात कोंबला, पर्यावरणाच्या काही कायद्यांतून पुलाला सूट दिली, आणि डिसेंबर २०१२ पर्यंत सगळं मंजूर. जाहिरात नाही, मतदान नाही, मला कोणी विचारलंही नाही. मला पूल हवाच होता म्हणून मी खूश. पण त्याच गठ्ठ्यात नद्या-तळ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याची तोडमोडही होती, आणि त्यावरून आदिवासी समाजांनी ‘आयडल नो मोअर’ हे आंदोलन उभं केलं. पूल मंजूर झाला म्हणून पेढे खाताना बाकीची पानं मी वाचली नव्हती, हे खरं.

तरी माझं मत तेच. दोष कोणाचा हे मला एका वाक्यात सांगता येतं: हार्परांचा. पसंत नसेल तर पुढच्या वेळी फुली दुसरीकडे, आणि २०१५ मध्ये लोकांनी ती दुसरीकडे मारलीही. पलीकडे पूल अडला तेव्हा दोष गव्हर्नरचा, समितीचा, पुलाच्या मालकाचा की त्याच्या जाहिराती बघणाऱ्यांचा? भावाला विचारलं तर तो म्हणाला, “गटारवाल्याचा.”

---

पोहे_विथ_मेपल

गटारवाल्याचा!! 😂

---

ट्रॉयचा_तात्या

पुलाचा मुद्दा चांगला आहे, पण गोष्ट अर्धी सांगितलीत. प्रस्ताव क्रमांक ६ होता तो. त्या वर्षी मिशिगनच्या मतपत्रिकेवर असे सहा प्रस्ताव होते, मागच्या पानावर, बारीक अक्षरात, एकेक परिच्छेदाचे. मी मतदान केंद्रावर वीस मिनिटं उभ्याने वाचत होतो, मागची बाई खाकरत होती. एवढ्या जाहिराती होऊनही लोकांनी सहावा प्रस्ताव पाडला. खरं तर सहाही पाडले.

तेव्हा तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या पुलाला कॅनडाचे पैसे लागले हे मान्य. पण तो अडवायचा शेवटचा डाव त्याच लांबलचक कागदावर मोडला. वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या वेळी पेन दोन आणायला सांगा. माझं तेव्हा अर्ध्यातच संपलं होतं.

---

विंडसरकर

सांगतो. शनिवारी जातोच आहे. पुलावर रांग असली तर बोगद्यातून.